पाण्याचा दाब आणि मोटारसायकल

पावसाळ्यात गोरेगावहून आरेमार्गे पवईला किंवा मरोळला रोज ये-जा करणारी मोटारसायकल तीन प्रकारची घाण अंगावर घेऊन घरी येते. पहिली चिखलाची. माती पाण्यात सुटी होऊन वाहून जाते, पण तिच्यातले मुरमाचे बारीक कण मागे राहतात आणि फडक्याखाली सापडले की रंगावर ओरखडे काढतात. दुसरी घाण शेणाची. तिसरी तेलकट: चेनवरचं जुनं वंगण, रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि ब्रेकच्या पॅडची काळी पूड यांचा एकत्र बसलेला थर.

यातली दुसरी घाण या जागेच्या इतिहासातूनच आलेली आहे. मुंबईतल्या दाट वस्तीतले म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवावेत, लोकांना स्वच्छ दूध मिळावं आणि शहरही स्वच्छ राहावं, या विचारातून आरे दूध वसाहत उभी राहिली. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ही योजना नेटाने राबवली आणि १९५१ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सुमारे ३,१६० एकरांच्या या परिसरात आजही गोठ्यांच्या युनिटांमधून हजारो म्हशी आहेत. पश्चिम द्रुतगती महामार्गापासून आत शिरणारा दिनकरराव देसाई मार्ग या वसाहतीच्या मधूनच जातो. रस्त्यावर शेण आणि गोठ्याचं पाणी असणारच. आपल्या हातात आहे ते गाडीची नीट निगा राखणं.

शेणात न पचलेल्या चाऱ्याचे तंतू असतात. ते वाळताना एकमेकांत गुंततात आणि पृष्ठभागाला घट्ट धरतात. जमीन सारवण्यासाठी शेणाचा हाच गुण उपयोगी पडला. मडगार्डच्या आतल्या बाजूला मात्र तोच गुण त्रास देतो. म्हशीच्या मूत्रातल्या युरियापासून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया तांब्या-पितळेला खातो. गाडीतल्या वायरींचे जोड याच धातूंचे असल्यामुळे गोठ्याचं पाणी गाडीवर आठवडाभर वाळत ठेवणं बरं नाही.

या तिन्ही घाणी निघण्याची रीत वेगवेगळी आहे. चिखलाला भिजायला थोडा वेळ लागतो. वाळलेल्या शेणाला त्याहून जास्त वेळ लागतो. तेलकट थर कितीही भिजवला तरी सुटत नाही, त्याला साबण हवा. म्हणजे मळ सोडवण्याचं काम वेळ आणि साबण करतात. सुटलेला मळ सांदीकोपऱ्यांतून वाहून नेणं एवढंच प्रेशर वॉशरचं काम. सोडवण्याचं कामही दाबावरच टाकलं की माणूस नोझल जवळ नेतो, एकाच जागी धरतो, आणि गाडीचं नुकसान तिथून सुरू होतं.

यंत्र नेमकं काय करतं

प्रेशर वॉशरच्या पोटात एक मोटर आणि एक पंप असतो. पंपातले छोटे दट्टे पाळीपाळीने पाणी ओढतात आणि पुढे ढकलतात. ते पाणी जाड नळीतून गनपर्यंत येतं आणि नोझलच्या जेमतेम मिलिमीटरभर छिद्रातून बाहेर पडतं. जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांच्या कंपनीने १९५० साली गरम पाण्याचं असं उच्चदाब यंत्र बाजारात आणलं. अशी यंत्रं बराच काळ कारखाने आणि गॅरेजपुरतीच होती. घरी उचलून नेता येईल असं यंत्र याच कंपनीने १९८४ साली काढलं. आज मुंबईतल्या अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अशी यंत्रं दिसतात.

घरगुती यंत्रावर साधारण १०० ते १५० बार असा आकडा छापलेला असतो. एक बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर जवळपास एक किलोचा भार. मोटारसायकलच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते, यावरून १०० बारचा अंदाज यावा. इतक्या दाबाचं पाणी छिद्रातून सुटताना त्याचा वेग किती होतो, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही काढता येतं. घर्षण बाजूला ठेवलं तर तो सेकंदाला सुमारे १४१ मीटर येतो, म्हणजे ताशी ५०० किलोमीटरच्या वर.

आता त्या झोताचं एकूण बळ पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी या वेगाने आदळलं तर त्याचं बळ दीड किलो वजनाहूनही कमी भरतं. तळहाताएवढ्या जागेवर ते पसरलं तर रंगाला काहीच होत नाही. तेच बळ टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर एकवटलं तर रंगाचा पोपडा निघतो आणि कातडीही फाटते. पाणी किती जागेवर पसरलं आहे यावरच सगळं अवलंबून आहे, आणि ते ठरवणाऱ्या दोन गोष्टी आहेत: नोझलचा कोन आणि नोझलपासून गाडीपर्यंतचं अंतर.

नोझलचे कोन ओळखण्यासाठी बऱ्याच यंत्रांवर रंगांची खूण असते. लाल म्हणजे शून्य अंश, पाण्याची सरळ रेघ. पिवळं १५ अंशांचं, हिरवं २५ अंशांचं, पांढरं ४० अंशांचं, आणि काळं कमी दाबाने साबण सोडण्याचं. मोटारसायकलसाठी पांढरं वापरावं, फार तर हिरवं. लाल नोझल गाडीसाठी नाहीच. गोल फिरणारा झोत सोडणारं टर्बो नोझलही फरशीसाठी असतं. ते गाडीच्या रंगाला किंवा टायरला लावू नये.

अंतराचा हिशोब डोळ्यांपुढे ठेवला की हात आपोआप मागे येतो. ४० अंशांच्या नोझलमधून सुटलेला पंखा १० सेंटिमीटरवर सव्वासात सेंटिमीटर रुंद असतो, ३० सेंटिमीटरवर २२ आणि ६० सेंटिमीटरवर ४४ सेंटिमीटर. रुंदी वाढते तशी झोताची जाडीही वाढते, शिवाय हवेत थेंब फुटून मंदावतात. म्हणून अंतर दुप्पट केलं की एका जागी बसणारा मारा निम्म्याहूनही खाली येतो. टाकी, साइड पॅनल, मडगार्ड यांना हातभर अंतर पुरे. जिथे बेअरिंग, वायर किंवा रबर आहे तिथे त्याच्या दुप्पट अंतर ठेवावं आणि झोत तिरका, पुढे सरकता ठेवावा.

वॉशिंग सेंटरची गन

घरी यंत्र नसलेले लोक महिन्या-दोन महिन्यांनी गाडी वॉशिंग सेंटरवर नेतात. तिथे कोपऱ्यात पट्ट्यावर चालणारा जो पंप धडधडत असतो त्याला एचटीपी पंप म्हणतात. तीन आडव्या दट्ट्यांचा हाच पंप नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत औषधफवारणीसाठी वापरला जातो. त्याचा दाब साधारण २० ते ४० बार असतो, म्हणजे घरगुती यंत्राहून बराच कमी. म्हणून ही धुलाई निर्धोक आहे, असा समज होतो.

हिशोब वेगळं सांगतो. या पंपातून मिनिटाला २० लिटरहून जास्त पाणी येतं. ३० बारवर त्याचा वेग कमी असला, तरी पाण्याचं वजन जास्त असल्यामुळे झोताचं एकूण बळ घरगुती यंत्राच्या दुप्पट भरतं. हा झोत रंगाला सहसा सोलत नाही, पण फटीत शिरण्याच्या बाबतीत तो जास्त जोरकस असतो. जिथे सील जरा सैल झालं असेल तिथे पाण्याचा लोंढाच आत जातो. त्यामुळे सेंटरवर गाडी देतानाही दोन गोष्टी आधी सांगाव्यात. हँडलच्या कोनसेटवर, चाकांच्या मध्यावर आणि मीटरवर जवळून गन मारू नका. आणि शेवटी डिझेलचा फवारा नको. डिझेलने गाडी दोन दिवस चकचकीत दिसते, पण रबराचे भाग फुगतात, त्या ओशटपणावर धूळ जास्त बसते, आणि ब्रेकच्या डिस्कवर त्याचा अंश गेला तर ब्रेकच लागत नाही.

‘वॉटरप्रूफ’ कशाला म्हणायचं

‘पावसात चालते ती गाडी पाण्याने कशी बिघडेल?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर विजेच्या उपकरणांवर छापलेल्या आयपी या खुणेत सापडतं. या खुणेतला दुसरा आकडा पाण्यापासूनचं संरक्षण सांगतो, आणि प्रत्येक आकड्याची चाचणी वेगळी असते. चार म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेलं पाणी. पाच म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या तोंडातून, मिनिटाला साडेबारा लिटर या प्रमाणात, काही मीटरांवरून सोडलेला झोत. त्याचा दाब एका बारच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. सहा म्हणजे मिनिटाला १०० लिटरचा झोत, पण दाब फक्त एका बारच्या आसपास. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास.

आता आठवा, आपल्या यंत्राचा दाब १०० बार आहे. उच्चदाबाच्या झोतासाठी नऊ हा वेगळा आकडा आहे. त्याच्या चाचणीत ८० ते १०० बारचं, ८० अंश तापमानाचं पाणी १० ते १५ सेंटिमीटरवरून मारतात. मोटारसायकलवरचे फार थोडे भाग या पातळीचे असतात. विजेवरच्या अनेक स्कूटरच्या बॅटरीवर ‘आयपी ६७’ असं लिहिलेलं असतं. त्यातल्या सहाचा अर्थ धूळ आत जाणार नाही, आणि सातचा अर्थ थोडा वेळ बुडाली तरी चालेल. ही खूण मिळालेली बॅटरी साचलेल्या पाण्यातून सुखरूप निघेल, पण जवळून मारलेल्या झोतापुढे तिचं सील टिकेल याची हमी त्या आकड्यात नाही. बुडण्याची आणि झोताची परीक्षा वेगळी, म्हणून एकीत पास झालेली वस्तू दुसरीत पास झाली असं धरता येत नाही.

पाणी शिरतं कुठे

चाकाच्या मध्यावरचं बेअरिंग सर्वांत आधी लक्षात घ्यावं. त्याच्या दोन्ही बाजूंना रबराचं सील असतं. आतलं ग्रीस आत राहावं आणि बाहेरची धूळ, पावसाचे शिंतोडे बाहेर राहावेत एवढ्यासाठीच त्याची पातळ ओठासारखी कड बनवलेली असते. समोरून झोत आला की ती कड वाकते आणि पाणी आत जातं. त्यात चाक नुकतंच चालून तापलेलं असेल तर धोका दुहेरी. गार पाण्याने हब एकदम थंड झालं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी सीलच्या कडेवरून आत ओढलं जातं. आत गेलेलं पाणी ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीस दुधाळ होतं, गोळ्यांना गंज धरतो. गाडी धुतली त्या दिवशी यातलं काही दिसत नाही. काही महिन्यांनी चाकातून घरघर ऐकू येते, तेव्हा त्याचा धुलाईशी संबंध कुणी जोडत नाही.

हँडलखालचा कोनसेट आणि मागच्या स्विंगआर्मचा पिव्होट यांचंही असंच होतं. कोनसेटमधलं ग्रीस धुऊन गेलं की हँडल वळवताना मधेच खटका लागल्यासारखं अडतं. पुढच्या शॉकअपच्या नळीवर आधी डस्ट सील आणि त्याखाली ऑइल सील असतं. खालून वर मारलेल्या झोताने त्या दोन्हींच्या मधे माती जाऊन बसते. नंतर शॉकअप वर-खाली होताना ती माती ऑइल सील घासत राहते आणि ऑइल गळू लागतं.

चेन बाहेरून अगदी दणकट दिसते. हल्लीच्या बऱ्याच मोटारसायकलींच्या चेनमध्ये प्रत्येक कडीला बारीक रबरी रिंगा असतात, आणि त्यांच्या आत कारखान्यातच भरलेलं ग्रीस असतं. ते पुन्हा भरता येत नाही. जवळून मारलेला झोत त्या रिंगा सरकवतो आणि ग्रीस बाहेर काढतो. चेनसाठी झोत वापरूच नये. रॉकेलमध्ये किंवा चेन क्लीनरमध्ये भिजवलेला मऊ ब्रश आणि फडकं हीच तिची खरी सफाई. पेट्रोल मात्र वापरू नये. ते रबर खराब करतं आणि पेट घेण्याचा धोका असतो.

विजेचे भाग गाडीभर पसरलेले असतात: हँडलवरची बटणं, किल्लीचं छिद्र, मीटर, हॉर्न, हेडलाइटच्या मागचे कपलर, सीटखालची बॅटरी आणि इंजिनाचं नियंत्रण करणारा ईसीयू. कपलरमध्ये गेलेलं पाणी वाळतं, पण त्यातले क्षार मागे राहतात आणि पितळी पिनांवर हिरवट थर धरतो. मग कधी इंडिकेटर लागत नाही, कधी गाडी मधेच बंद पडते. स्पार्क प्लगच्या खोबणीत साचलेल्या पाण्यानेही गाडी सुरू होत नाही.

हवेची वाट विसरू नये. एअर फिल्टरचा कागद ओला झाला की इंजिनाला श्वास घेता येत नाही. स्कूटरला आणखी एक नाजूक जागा आहे. डाव्या बाजूला पट्ट्याच्या पेटीला गार ठेवण्यासाठी हवेची फट असते. तिच्यातून पाणी गेलं की पट्टा घसरतो, अॅक्सिलरेटर पिळला तरी गाडी उचलत नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाभोवती पाणी निघून जायला बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलेलं असेल तर वरचं पाणी टाकीत उतरू शकतं. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेलं की दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर होतो. इंजिन नेमकं तळातूनच पेट्रोल ओढतं.

टायरला काही होणार नाही असं वाटतं, पण यंत्राच्या पुस्तिकेतच इशारा असतो: टायर आणि त्याचा व्हॉल्व्ह यांपासून किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. झोताने टायरला इजा झाल्याची पहिली खूण म्हणजे त्याचा बदललेला रंग. टायर खराब झाल्याचं रस्त्यावर वेगात असताना कळण्यापेक्षा धुताना ते होऊच न देणं चांगलं. पाण्याने गार होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांत पुढे रेडिएटर असतो. त्याच्या पातळ पत्र्या समोरून झोत लागला की वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

धुणाऱ्याची काळजी

गाडीआधी माणूस. उच्चदाबाचा झोत कातडी भेदून पाणी आणि घाण आत ढकलू शकतो. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, म्हणून लोक घरीच मलम लावून बसतात. आत मात्र संसर्ग झपाट्याने पसरतो आणि बोट गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. असं झालं तर वेळ न घालवता रुग्णालयात जावं आणि ‘प्रेशर वॉशरचा झोत लागला’ असं स्पष्ट सांगावं. गन कधीही हातापायाकडे, माणसाकडे किंवा जनावराकडे धरू नये. एका हाताने फडकं धरून दुसऱ्या हाताने गन चालवू नये. चप्पल घालून धुऊ नये, गमबूट किंवा बंद बूट घालावेत. नोझल बदलण्याआधी यंत्र बंद करून गनचा खटका एकदा दाबावा, म्हणजे नळीत अडकलेला दाब निघून जातो. आजूबाजूला मुलं असतील तर ती दूर गेल्यावरच यंत्र सुरू करावं.

दुसरी गोष्ट वीज. ओल्या फरशीवर विजेचं यंत्र चालवायचं आहे, म्हणून अर्थिंग असलेलं तीन पिनचं सॉकेट हवं आणि त्याच्या मागे ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी हवा. शरीरातून वीज जमिनीत जाऊ लागली तर हा स्विच क्षणात पुरवठा तोडतो. एक्सटेन्शन बोर्ड पाण्यात लोळत ठेवू नये, तो उंचावर कोरड्या जागी असावा. ओल्या हाताने पिन काढू नये.

तिसरी गोष्ट या परिसरात विशेष महत्त्वाची आहे: लेप्टोस्पायरोसिस. हे जंतू उंदीर आणि गुराढोरांच्या मूत्रातून ओल्या मातीत आणि पाण्यात येतात, आणि माणसाच्या जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या ओल्या त्वचेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. तेव्हापासून पावसाळा आला की महापालिका साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना सावध करत असते. आरेतून आलेल्या गाडीच्या मडगार्डखाली शेण-चिखलाचा थर असतो. त्यावर जवळून झोत मारला की त्याचे तुषार थेट तोंडावर येतात. म्हणून पावसाळ्यात गाडी धुताना चष्मा किंवा गॉगल आणि मास्क लावावा, रबरी हातमोजे घालावेत, हातापायावर खरचटलं असेल तर ते झाकावं, आणि काम संपल्यावर साबणाने हात-तोंड धुवावं. नंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी, लाल डोळे अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना या कामाबद्दल आवर्जून सांगावं.

धुण्याचा क्रम

आधी गाडी गार होऊ द्यावी. अर्धा तास तरी सावलीत उभी ठेवावी. तापलेल्या सायलेन्सरवर आणि डिस्कवर गार पाणी पडलं की डाग पडतात, आणि डिस्क वाकण्याची भीती असते. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी आणि किल्ली काढून घ्यावी. सायलेन्सरच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधावी. किल्लीच्या छिद्रावर चिकटपट्टी लावावी. मीटर आणि हँडलवरची बटणं यांवर पिशवी चढवावी. स्कूटरच्या पट्ट्याच्या पेटीची फट कापडाने झाकावी. यातलं काय काय लावलं ते लक्षात ठेवावं, कारण शेवटी सगळं काढायचं आहे.

मुंबईत पाणी ठरलेल्या वेळी येतं, म्हणून यंत्र बहुधा ड्रममधूनच पाणी ओढतं. नळीच्या तोंडाला जाळी असावी, म्हणजे गाळ पंपात जात नाही. यंत्र सुरू करण्याआधी नळी पाण्याने भरून घ्यावी. पंप कोरडा फिरला तर त्याची सीलं जळतात. पालिकेच्या नळाला यंत्र थेट जोडू नये. नळातला दाब कमी झाला तर यंत्रातलं साबणाचं पाणी उलट पिण्याच्या पाण्यात जाऊ शकतं.

मग नुसतं भिजवणं. दीड-दोन मीटरवरून पांढऱ्या नोझलने सगळ्या गाडीवर हलकं पाणी सोडावं आणि पाच मिनिटं थांबावं. मडगार्डच्या आत वाळलेलं शेण असेल तर पुन्हा पाणी मारून आणखी दहा मिनिटं थांबावं. ही पंधरा मिनिटं फुकट जात नाहीत, सगळ्यात अवघड काम त्यांच्यातच होतं. तंतूंचा गुंता सुटतो, माती सैल होते, आणि पुढे जोर लावावा लागत नाही.

त्यानंतर गाडीसाठीचा शाम्पू. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. ती अल्कधर्मी असते, तिने रंगाची चकाकी आणि अॅल्युमिनियमचे भाग काळवंडतात. फेस खालून वर लावावा, तीन-चार मिनिटं ठेवावा, पण वाळू देऊ नये. मऊ फडकं आणि दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूच्या पाण्याची, दुसरी फडकं खळबळून घेण्याची. मुरमाचे कण दुसऱ्या बादलीच्या तळाशी राहतात आणि टाकीवर परत येत नाहीत. फडक्याने आधी टाकी, मग पॅनल, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी चाकं पुसावीत. इंजिनाच्या फटींसाठी जुना दात घासायचा ब्रश पुरतो.

शेवटी वरून खाली धुवावं. आता झोताला फक्त सुटलेला मळ वाहून न्यायचा आहे. टाकी-पॅनलवर हातभर अंतर. चाकाच्या मध्यावर, कोनसेटवर आणि शॉकअपच्या सीलवर झोत न मारता वरून पाणी ओघळू द्यावं. मडगार्डची आतली बाजू, इंजिनाखालची पट्टी आणि फूटरेस्टचे सांधे या जागी झोताचा खरा उपयोग होतो, तिथे तो मोकळेपणाने वापरावा. झोत सतत सरकता ठेवावा. स्टिकरच्या कडेवर समोरून मारू नये.

धुऊन झालं की सगळ्या पिशव्या आणि चिकटपट्ट्या काढाव्यात, गाडी मऊ फडक्याने कोरडी करावी आणि चालवताना सुरुवातीला ब्रेक तपासावेत. ओल्या पॅडमुळे पहिल्या एक-दोन वेळा ब्रेक कमी लागतो, म्हणून मोकळ्या जागी हळू वेगात चार-पाच वेळा दोन्ही ब्रेक हलके दाबून पॅड कोरडे करावेत. दहा मिनिटं गाडी चालवली की इंजिनाच्या उबेने फटींतलं पाणीही निघून जातं. त्यानंतर कोमट चेनला वंगण द्यावं: नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे, आतल्या बाजूने, थोडं. जास्तीचं पुसून टाकावं, आणि त्याचा थेंबही टायरवर किंवा डिस्कवर जाऊ देऊ नये.

पाणी किती आणि ते जातं कुठे

उघड्या नळीने पंधरा मिनिटं गाडी धुतली तर मिनिटाला १५ लिटरच्या हिशोबाने सव्वादोनशे लिटर पाणी जातं. यंत्राने, खटका फक्त गरजेपुरता दाबून, चार-पाच मिनिटांचा झोत आणि दोन बादल्या एवढ्यात काम उरकलं तर ते पन्नास लिटरच्या आसपास बसतं. पाण्याची ही बचत प्रेशर वॉशरचा मोठा गुण आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी विहार आणि तुळशी आरेला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानात आहेत, पण शहराचं बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या धरणांतून येतं. दुसरीकडे, १८९०च्या सुमारास बांधलेल्या पवई तलावाचं पाणी पिण्यायोग्य नाही, म्हणून ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला दिलं जातं. पिण्याचं पाणी पिण्यासाठी आणि इतर कामांना दुसरं पाणी, हा विवेक या परिसरात कित्येक वर्षं पाळला जातो आहे. गाडी धुतानाही तो पाळावा. भिजवण्याला आणि पहिल्या धुण्याला साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

धुतलेलं पाणी पावसाळी गटारात जातं, आणि मुंबईत पावसाळी गटारांचं पाणी शुद्ध न होता नदी-खाडीला मिळतं. ओशिवरा नदी आरेच्या टेकड्यांत उगम पावते आणि मालाडच्या खाडीला मिळते. विहार-पवईच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघणारी मिठी आरेच्या बाजूने वाहत पुढे माहीमच्या खाडीत जाते. चेनचं रॉकेल आणि इंजिनावरचं काळं ऑइल या पाण्यात मिसळू नये. चेन साफ करताना खाली जुना ट्रे किंवा वर्तमानपत्रं ठेवावीत, त्यावर पडलेलं ऑइल गॅरेजमध्ये जुन्या ऑइलच्या पिंपात द्यावं. आरेतल्या ओढ्याच्या काठी गाडी उभी करून धुण्याचा मोह पावसाळ्यात अनेकांना होतो. तो आवरायला हवा, कारण त्याच पाण्याच्या कडेला पाडे आहेत आणि वन्यजीवांचं पाणीही तेच आहे.

यंत्र विकत घेताना बारचा आकडा जितका मोठा तितकं यंत्र चांगलं, असं धरून चालू नये. मोटारसायकलसाठी १०० बारचं यंत्र भरपूर झालं. त्याच्याबरोबर ४० अंशांचं नोझल, फेसाची बाटली, पाण्याची जाळी आणि लांब नळी असावी. आणि ते रोज वापरायचं नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर रोज मगभर पाण्याने मडगार्ड आणि चेनभोवतीचं शेण ओलं असतानाच काढलं तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा यंत्र काढणं पुरतं. शेण जेवढं ताजं, तेवढा दाब कमी लागतो. जेवढा दाब कमी, तेवढी बेअरिंगं आणि सीलं जास्त वर्षं टिकतात.